नुसती दाणी

आमच्या भागात चिक्की हा शब्द उशिरा आला. आम्ही म्हणायचो गुडदाणी. गूळ आणि दाणे, म्हणून गुडदाणी. माळेगावच्या जत्रेत गोडीशेव आणि रेवड्यांच्या शेजारी तिचा ढीग असायचा. मीटरगेजची गाडी होती तेव्हा पूर्णा, चुडावा, लिंबगाव, नांदेड एवढ्या टप्प्यात एखादं पोरगं टोपलीत घालून विकायचं. चिक्की हे नाव घरात आलं ते थोरला मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यावर. येताना तो लोणावळ्याचा पुडा आणायचा. बोरघाटातून गाडी 1863 साली सुरू झाली आणि पुढं त्या वाटेवरच्या प्रवाशांनीच लोणावळ्याच्या चिक्कीचं नाव देशभर केलं. आमच्या गाडीनं आमच्या गुडदाणीचं काही केलं नाही. ती जत्रेतून घरी आणि घरातून पोटात, एवढाच तिचा प्रवास.

गोडाचं तेव्हा अप्रूप होतं, हे आजच्या पोरांना सांगून कळत नाही. 1972 च्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आई-बाप खडी फोडायच्या कामावर जायचे, घरात लाल मिलोची भाकर, आणि कामावर सुकडी मिळायची. आई तिच्यातली मूठभर पदरात बांधून आणायची. ती मूठ आम्ही चार भावंडं दाण्यादाण्यानं खायचो. साखर म्हणजे कंट्रोलची, ती सणाला आणि आजाऱ्याला. पाहुणा दारात आला की गूळ-पाणी. गूळ संपला तर शेजारून खडा मागून आणायचा, पण पाहुण्याला नुसतं पाणी द्यायचं नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला एके दिवशी कोणी म्हणालं की गूळ तुम्हाला विष आहे, तर त्याच्या ते गळी कसं उतरावं?

आमच्या कारभारणीला 2016 साली हे ऐकावं लागलं. बाभळीचा काटा पायात मोडला होता. काटा निघाला, जखम भरेना. हळद लावून पाहिली, मलम लावून पाहिलं. शेवटी नांदेडला नेलं. डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी रक्त काढायला सांगितलं. उपाशीपोटी साखर 126 च्या वर गेली की आजार धरतात. हिची 240 होती. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, आकडे कळतात. हिला आकड्याचं काही वाटलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हिनं एवढंच विचारलं, "मंग संक्रांतीचं काय?"

या प्रश्नामागं काय होतं ते सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीत हिच्या हातच्या पाकाचं नाव होतं. पौष लागला की बायका आपापला गूळ, दाणे, तीळ घेऊन आमच्या घरी यायच्या. भाजणं, पाखडणं, पाकळ्या करणं सगळ्या मिळून करायच्या, पण पाक हिनंच उतरवायचा. पाक कच्चा राहिला तर गुडदाणी दाताला चिकटते, पुढं गेला तर कडू होते. मधली वेळ फार थोडी. ही वाटीत पाणी घेऊन बसायची, पाकाचा थेंब टाकायची, त्याची गोळी झाली की ती ताटलीवर आपटायची. टक् वाजलं की कढई खाली. जीभ कधी लावली नाही. आजार झाल्यावरही पाक उतरवायला तिला चाखावं लागत नव्हतं, आणि म्हणून गल्लीचं काम सुटलं नाही. दिवसभर चुलीपुढं बसून आठ घरांची गुडदाणी करायची, पोळपाटावर लाटायची, सुरीनं रेघा ओढायची आणि संध्याकाळी पदराला हात पुसून कोरी भाकर खायची.

हे असं किती दिवस चालणार. दुसऱ्या वर्षी हिच्या उशाखाली मुंग्या निघाल्या. सूनबाई गादी उन्हात घालायला गेली तर मुंग्यांची रांग, आणि उशाच्या अभ्र्यात कागदात बांधलेले चार तुकडे. सूनबाई समजदार. काही बोलली नाही, कागद तसाच माझ्या हातात आणून दिला. म्हणाली, "मामा, आत्याला तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? साठीकडं झुकलेली बाई पोरासारखी चोरून खाते, हे बघून रागापेक्षा दुसरंच काहीतरी वाटलं. पण पाय डोळ्यासमोर होता. हिचा नव्हे, हिच्या थोरल्या भावाचा.

मेव्हणे वसमत तालुक्यातले, हळदीचे मोठे शेतकरी. त्यांना साखर आमच्या आधी दहा वर्षं. चहा बिनसाखरेचा घ्यायचे आणि ताटात गुळाचा खडा असायचा. म्हणायचे, "साखर कारखान्याची, तिच्यात केमिकल. गूळ देवाचा. गुळानं कुठं शुगर वाढते?" असं म्हणणारे ते एकटे नाहीत. आमच्या पारावर बसा, दहातले सात जण हेच सांगतील. शहरातली शिकलेली माणसंही सांगतात, फक्त ती सेंद्रिय गूळ म्हणतात. मेव्हण्यांचा पाय आधी बोटं, मग गुडघ्याखालून काढावा लागला. ते गेले तेव्हा हिनं त्यांच्या उशाशी ठेवलेली गुळाची भेली उचलली आणि बाहेर बैलापुढं टाकली. बैलानं ती चाटून संपवली. ही बघत उभी होती.

आता गुळाचं सांगतो, कारण ते माझ्या डोळ्यासमोरचं आहे. लहानपणी पलीकडच्या शिवारात गुऱ्हाळ लागायचं. काहिलीत रस उकळतो, वर मळी येते, ती झाऱ्यानं काढायची. मळी नीट वर यावी म्हणून रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचं चिकट पाणी रसात घालायचे. रस आटला की वाफ्यात ओतायचा, घोटायचा, भेलीत भरायचा. म्हणजे उसात जे होतं त्यातलं पाणी गेलं आणि मळी गेली, बाकी सगळं भेलीत. कारखाना पुढं जाऊन त्यातली काकवी वेगळी करतो आणि पांढरे दाणे काढतो. 100 ग्रॅम गुळात 80 ग्रॅमच्या आसपास साखरच असते. उरलेल्यात थोडं पाणी, थोडं लोह, थोडे क्षार. त्या लोहासाठी मधुमेहाच्या माणसानं गूळ खाणं म्हणजे उंदरासाठी घराला आग लावणं. माझाही दोन एकर ऊस होता, वसमतच्या पूर्णा कारखान्याला जायचा. उसाविरुद्ध माझं काही नाही. पण उसाचा पैसा घरात यावा आणि उसाची गोडी हिच्या अंगात जाऊ नये, अशी ती कसरत.

आमच्या बापाच्या वेळी हा श्रीमंताचा रोग होता. तालुक्याच्या गावचा सावकार, शेठ, बसून खाणारा. आता निंदणीला जाणाऱ्या बायांना आहे, ऊसतोडीवरून आलेल्या माणसाला आहे. 2023 साली देशभराच्या पाहणीचा आकडा पेपरात आला, देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह. पेपरातला आकडा मोठा असला की कळत नाही. आमच्या गल्लीत हळदी-कुंकवाला बसलेल्या बायकांतल्या किती जणी तिळगूळ तोंडात न घालता रुमालात बांधतात ते मोजलं की कळतं.

घरात मग बिनसाखरेच्या गुडदाणीचा शोध सुरू झाला. सुरुवात मुलानं केली. पुण्याहून 'शुगर फ्री' लिहिलेला चिक्कीचा पुडा आणला, किंमत साधीच्या तिप्पट. चवीला गोड, वाजायलाही टक्. हिला आनंद झाला. माझी सवय आहे, खताच्या पोत्यावरचंही बारीक अक्षर वाचायची. भिंग घेऊन वाचलं. त्यात माल्टिटॉल नावाची वस्तू होती. साखरेचीच चुलत बहीण म्हणा, गोड लागते, पाकासारखी कडक होते, रक्तात साखरेएवढी चढत नाही, पण अगदी चढत नाही असंही नाही. खाली आणखी बारीक अक्षरात लिहिलं होतं की जास्त खाल्ल्यास पोट ढिलं होऊ शकतं. हे वाचून दाखवेपर्यंत आमच्या शेजारच्या काकांनी गप्पा मारता मारता अर्धा पुडा संपवला होता. काका दुसऱ्या दिवशी शेतात दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी दिसले तेव्हा लांबूनच हात जोडले.

मुलानं दुसऱ्या खेपेला आणलेल्या पुड्यावर मोठ्या अक्षरात 'साखर नाही' आणि मागं घटकांत गूळ आणि मध. असली अक्षरं लिहिणाऱ्याची छाती मोठी असते. खरा नियम असा आहे की 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच मालाला शुगर फ्री म्हणता येतं. या नियमानं बघितलं तर आपला नुसता कच्चा शेंगदाणासुद्धा शुगर फ्री नाही, त्याच्यात स्वतःची चार-पाच ग्रॅम साखर असते. ही ऐकून हसली. म्हणाली, "मंग भुईमुगालाच गोळ्या चालू करा."

मग सूनबाईनं मोबाईलवर बघून खजुराची केली. खजूर वाटायचा, दाणे कालवायचे, वड्या थापायच्या. दिसायला झकास. पण वाळलेल्या खजुरात 100 ला 65-70 साखर. घरात मशीन आणलेलं होतं, बोटाला टोचून बघायचं. खजुराच्या दोन वड्या खाल्ल्यावर दोन तासांनी आकडा 260 च्या पुढं गेला. सूनबाईचं तोंड उतरलं. हिनंच तिची समजूत काढली, "अगं, खजूर बी झाडाचा ऊसच की."

एका पाहुण्यानं मधुपत्रीचं रोप दिलं. गोड तुळस म्हणतात तिला. पान चघळलं तर साखरेहून गोड, आणि मागून जिभेवर कडवट राहतं. बाजारात तिची पावडरही मिळते. ती घालून ही दाणे कालवायला बसली. गोडी आली, पण वडी धरेना. लाटलं की भुगा. डिंक तळून, कुटून घातला, तरी भुगा. चार दिवस घरात सगळ्यांनी गोड भुगा खाल्ला.

तेव्हा हिनं एक गोष्ट बोलून दाखवली, जी मला तोवर कोणी सांगितली नव्हती आणि पुस्तकातही वाचली नव्हती. म्हणाली, "तुम्ही सगळे गोडाच्या मागं लागलात. गूळ गुडदाणीत दोन कामं करतो. एक गोड करतो, आणि दुसरं, दाण्याला दाणा धरून ठेवतो. गोडीचं जाऊ द्या. धरून कोन ठेवायचं ते बगा."

बरोबरच होतं. पाक दीडशे अंशाच्या आसपास तापला की त्यातलं जवळपास सगळं पाणी जातं आणि थंड झाल्यावर त्याची काच होते. चिक्की म्हणजे दाणे घातलेली काच. गोडी दुसऱ्या दहा वस्तूंतून आणता येते, काच त्या प्रत्येकातून येत नाही. एवढी वर्षं पाकाशी बोलणाऱ्या बाईला हे हाताला माहीत होतं.

धरून ठेवणारा सापडला तो तिच्या माहेरच्या आठवणीतून. लहानपणी गळू झालं की तिची आई जवसाचं पोटीस बांधायची. जवस कुटायचं, गरम पाण्यात कालवायचं, फडक्यावर घेऊन बांधायचं. सकाळी ते फडकं कातड्याला असं चिकटलेलं असायचं की सोडवताना रडू यायचं. "जवस भिजलं की सोडत नाही," हिनं एवढंच म्हटलं आणि डब्यातलं चटणीचं जवस काढून पाण्यात टाकलं. दोन तासांनी बघितलं तर पाणी पाणी राहिलं नव्हतं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत, चमचा वर उचलला तर तार निघते. मला एकदम गुऱ्हाळातली रानभेंडी आठवली. तिथं चिकट पाण्यानं मळी काढायची, इथं चिकट पाण्यानं वडी धरायची.

पहिल्या खेपेला मऊ राहिली. दुसऱ्या खेपेला जाड झाली, आतून ओली. तिसऱ्यांदा हिनं चिक्की करायचं सोडलं आणि वाळवण करायला घेतलं. पापड-कुरडयांचा हात तो. आता जमलंय ते असं.

दीड वाटी शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे. घाई केली की वरून काळे, आतून कच्चे. हे भाजणंच सगळ्यात महत्त्वाचं, कारण गूळ नाही म्हटल्यावर चव सगळी भाजण्यात. साल काढून अर्ध्या दाण्यांच्या पाकळ्या करायच्या, अर्ध्यांची भरड. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा आधीच निवडून टाकायचा. ओल धरलेल्या शेंगेवर जी बुरशी येते तिचं विष यकृताला धरतं आणि भाजून जात नाही, हे शेतकऱ्यानं तरी विसरू नये. अर्धी वाटी तीळ तडतडेपर्यंत भाजायचे. पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, तोही गुलाबी भाजलेला. जवस पाऊण वाटी, हे मात्र भाजायचं नाही, भाजलं की चिकटपणा कमी होतो. त्यातलं निम्मं मिक्सरमधून काढायचं, निम्मं अख्खं, आणि एक वाटी पाण्यात दोन तास भिजत ठेवायचं. मग सगळं एकत्र. चिमूटभर मीठ, सुंठ, वेलदोडा आणि थोडं जायफळ. जायफळानं जिभेला गोडाचा भास होतो असं हिचं म्हणणं. मला होत नाही, पण मी वाद घालत नाही.

तूप लावलेल्या प्लास्टिकच्या कागदावर गोळा ठेवून वरून दुसरा कागद, आणि लाटण्यानं पातळ लाटायचं. पापडाहून जाड, भाकरीहून पातळ. सुरीनं चौकोन पाडायचे. दिवसभर उन्हात. पौषातलं ऊन मऊ असतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागतं. मग तवा अगदी बारीक आचेवर ठेवून एकेक तुकडा दोन्ही अंगांनी शेकायचा, उलटत-पालटत पंधरा-वीस मिनिटं. चुलीचा आर असेल तर फारच छान. गरम असताना मऊ लागतो, गार झाला की कडक. मोडताना गुडदाणीचा टक् येत नाही. पापडासारखा कट् येतो. पहिल्या घासाला गोड लागत नाही, हे सांगून ठेवतो, नाहीतर लोक फसवलं म्हणतात. सावकाश चावलं की भाजलेल्या दाण्याची आणि खोबऱ्याची जी मुळातली गोडी आहे ती वर येते. गूळ होता तोवर ती कधी कळलीच नव्हती. गुळाच्या आवाजात दाण्याला बोलायला जागाच नव्हती.

हिनं खाऊन दोन तासांनी बोट टोचलं. दीडशेच्या आसपास. पुन्हा दोनदा बघितलं, तेवढंच. एका बाईच्या एका बोटाचा हा आकडा आहे, त्यावरून कोणी आपल्या गोळ्या कमी करू नयेत. डॉक्टरांना डबाच नेऊन दाखवला. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि मग डॉक्टरांसारखं बोलले. दाण्यात तेल भरपूर, 100 ग्रॅमला 570 च्या घरात उष्मांक, तेव्हा दिवसाला दोन-तीन तुकडे, ताटभर नाही. जवस खाल्लं की वरून पाणी भरपूर प्यायचं. आणि गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकदम खालीही जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, तेव्हा ही दाणी कामाची नाही, तेव्हा खरी साखरच लागते. म्हणून आमची कारभारीण शेतात निघाली की पदराच्या एका गाठीत दाणीचे दोन तुकडे असतात आणि दुसऱ्या गाठीत खडीसाखर. दुसरी गाठ गेल्या दोन वर्षांत एकदाच सुटली, कापूस वेचताना. तेव्हा ती गाठ होती म्हणून बरं झालं.

नावाची गंमत राहिली. पहिल्या संक्रांतीला हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांपुढं हिनं दोन ताटं ठेवली. एकात नेहमीची गुडदाणी, दुसऱ्यात ही. एक म्हातारी, माझ्या चुलत चुलती लागतात, तुकडा चावून म्हणाल्या, "बाई वं, ह्यात गूळच नाही. मंग गुडदाणी कामून म्हनायचं?"

"गूळ काढला काकू," ही म्हणाली. "राहिली ती दाणी."

तेव्हापासून आमच्या गल्लीत ती नुसती दाणी. त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. दोन-तीन बायकांनी, ज्यांना साखर आहे हे घरच्यांखेरीज कोणाला माहीत नव्हतं, दुसऱ्या ताटाला हात घातला. रुमालात बांधलं नाही, तिथंच खाल्लं. आमच्याकडं बाईला आजार असणं हे लपवायचं असतं, विशेषतः घरात लग्नाची पोरगी असेल तर. "आजाराचं घर" म्हणतात. ती ताटं शेजारी शेजारी ठेवल्यानं न बोलता काय काय बोललं गेलं ते बायकांनाच ठाऊक. मी ओसरीवर होतो, मला आतून फक्त हसण्याचा आवाज आला. बऱ्याच वर्षांनी संक्रांतीला हिचा आवाज त्यात होता.

हे सगळं ऐकून पुण्याचा मुलगा म्हणतो, "माय, आपण पाकिटं करून विकू." मी त्याला म्हटलं, आधी दाणे कुठले आणतोस ते सांग. माझ्या तरुणपणी खरिपात शिवारभर भुईमूग असायचा, एसबी-11, मग जेएल-24 आली. शेंगा तोडायला बायका यायच्या, मजुरीच्या शेंगा ओटीत भरून न्यायच्या, संध्याकाळी गावात घराघरात भाजल्याचा वास. मग सोयाबीन आलं. सोयाबीनला काढायला मशीन आहे, बाजार रोख आहे. भुईमुगाला मजूर लागतो आणि रानडुकरं लागतात. डुकरांना शेंगा भरल्याचं शेतकऱ्याच्या आधी कळतं. एका रात्रीत दहा गुंठे उकरून जातात. आता मी उन्हाळ्यात पाण्यावर घरापुरता दहा-बारा गुंठे करतो आणि रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसतो. ज्या गावच्या जमिनीतून तेलाचे घाणे चालायचे, त्या गावात संक्रांतीचे शेंगदाणे किराणा दुकानातून किलोनं येतात.

जवसाचं तर त्याहून पुढं. आजोबा हरभऱ्याच्या कडेनं, ज्वारीच्या मधून चार तास जवस टाकायचेच. चटणीला, तेलाला, बैलाला. आता गावात मागायला गेलो तर दोन घरांत डब्याच्या तळाला निघालं, तेही जुनं, खवट. गेल्या वर्षी गल्लीतल्या सात बायकांनी दाणी करायची ठरवली आणि जवसापायी अडलं. परभणीच्या बाजारातून आणावं लागलं.

म्हणून 17 सप्टेंबरला विद्यापीठाच्या रब्बी मेळाव्याला गेलो तेव्हा हरभऱ्याच्या बियाण्याबरोबर जवसाचीही चौकशी केली. लातूरच्या संशोधन केंद्राची एलएसएल-93 नावाची जात आहे, तिची छोटी पिशवी मिळाली. ऑक्टोबरात हरभऱ्याच्या उत्तरेच्या कडेनं सहा तास टाकले. शेजारी विचारतात, "हे कामून लावलंव? भाव हाय का ह्याला?" मी म्हणतो, घरचं गिऱ्हाईक आहे.

आज लिहितोय तेव्हा त्याला फुलं आली आहेत. जवसाचं फूल सकाळी निळं उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून ही सकाळीच बघायला जाते. काढणी फाल्गुनात. तोवर संक्रांतीला परभणीहून आणलेलं किलोभर पुरवायचं आहे, आणि यंदा घरं अकरा झालीत.